नऊ नंबरची पेटी

पहिलं चित्र झार्यानं रात्री दीड वाजता काढलं.
सकाळी तोल्मिनच्या छापखान्याच्या दारात
मीच म्हटलं, थांब, एकदा नीट बघू.

आमचा प्रोग्रॅम उघडा, आत काही नाही.
म्हणजे होतं :
पेटी एक, 'टेस्ट'. पेटी दोन, 'टेस्ट टेस्ट'.
पेटी तीन, कीबोर्डवरून मांजर गेल्यासारखं काहीतरी.
कोपऱ्यात बॅटरी अकरा टक्के,
वर बँकेची सूचना, हप्ता थकला आहे,
मागे तिच्या भाच्याचा फोटो, पुढचा दात पडलेला,
आणि बरोबर त्याच्या नाकावर
आमचं बटण : 'जतन करा'.

चार वर्षं तिघांनी मिळून हे फुकट लिहिलं,
आणि पाहुणे यायच्या दिवशी
घर झाडायचं विसरलो.

मी म्हणायचो, कोड खुला आहे, कुणीही वाचावा,
हातच्या कांकणाला आरसा कशाला?
पण मधमाश्या पाळणारा माणूस कोड वाचत नाही.
जत्रेत तो आमच्या टेबलासमोरून चार पावलं चालतो,
एका हातात सॉसेज, दुसऱ्या हातात नात.
त्या चार पावलांत
त्याला त्याची पेटी दिसली तर दिसली.

म्हणून ओझ्बेयकडे गेलो, नदीपलीकडे, चढावर.
त्याच्या पेट्यांच्या तोंडावर रंगवलेल्या फळ्या :
एकीवर शिकाऱ्याची प्रेतयात्रा,
खांदा द्यायला ससे आणि एक अस्वल,
एकीवर निळा कोंबडा, रंगाचे पोपडे आलेला.
"माशीला आपलं दार कळावं म्हणून," तो म्हणाला,
"आणि चष्मा नसला की मलाही."
झार्या त्या कोंबड्याकडे इतका वेळ बघत राहिली
की एक माशी तिच्या बाहीवर येऊन बसली.

वही त्यानं काही न विचारता दिली.
पानांना मेणाचे डाग, तारखांना शाई दोन रंगांची.
आम्ही स्वयंपाकघरात बसून भरत गेलो :
पेटी चार, राणीला पांढरा ठिपका, म्हणजे एकवीस सालची.
पेटी सहा, लिंडेनचा मध, अकरा किलो.
पेटी नऊ, फेब्रुवारी. मेल्या. सगळ्या.
एंटर दाबलं आणि ती ओळ लाल झाली,
आम्हीच तिला तसं शिकवलं होतं.

झार्या म्हणाली, ही काढू या,
पत्रकावर कशाला मेलेल्या माश्या?
ओझ्बेय चहा ओतत होता, थांबला नाही.
"बारा पेट्या आणि एकही मेली नाही
असं सांगणारा एक तर खोटं बोलतो,
नाहीतर त्यानं काल सुरुवात केली."

मग आम्ही बाकी सगळं काढलं.
बँक, बॅटरी, भाचा.
काळा पडदा सोडून पांढरा घेतला,
कागदावर काळ्याचा चिखल होतो.
अक्षरं वाढवली, हात लांब करूनही वाचता येतील इतकी.
एकच काम दाखवायचं ठरलं, वही लिहिण्याचं.
झार्याला एक बाण हवा होता, जाड, पिवळा.
मी म्हटलं, लाल ओळ आहे की.

जत्रेत दोनशे पत्रकं. बरीचशी उडाली,
काहींत लोकांनी चीज गुंडाळून नेलं.
दुपारी कोबारिडची एक बाई आली,
किंमत विचारली, फुकट म्हटल्यावर
अर्धं पाऊल मागे सरकली.
फुकटात काय लपलेलं असतं ते तिला ठाऊक असावं.
पण बोट कागदावरून उचललं नव्हतं,
बोट नऊ नंबरवर होतं.
"माझी सातवी," ती म्हणाली, "त्याच आठवड्यात."
मग बराच वेळ कुणी प्रोग्रॅमबद्दल बोललं नाही.

ते पत्रक तिनं नेलं नाही. बोटाचा तेलकट ठसा तेवढा राहिला.

रात्री पुढच्या आवृत्तीच्या यादीत
झार्यानं लिहिलं : लाल रंग थोडा फिका करावा.
मी ते खोडलं.
सकाळी पाहिलं तर तिनं पुन्हा लिहिलं होतं,
खाली एक ओळ वाढवून :
आधी ओझ्बेयला विचारणे.